बिनमातीचा घेवडा

श्रावण लागला की माणसांना म्हणे कविता सुचतात. मला संताप येतो, आणि तोही घेवड्यावरून. परवा पंचवटीतल्या मंडईत गेले होते. एका गाळ्यावर पांढऱ्या ताटल्यांत श्रावण घेवडा रचून ठेवला होता, वरून प्लॅस्टिक ताणून बसवलेलं. सगळ्या शेंगा एका लांबीच्या, एका रंगाच्या, शाळेच्या फोटोत ओळीनं बसवलेल्या पोरींसारख्या. भाजीवाला म्हणाला, "घ्या ताई, एक नंबर माल आहे. मातीचा हातसुद्धा लागलेला नाही याला." मी प्लॅस्टिकला नख लावलं, एक शेंग काढली आणि त्याच्या देखत फोडून आतला दाणा पाहिला. पांढराफटक. शेंग परत ताटलीत ठेवून दिली. "अहो ताई, हे काय?" तो ओरडला. मी म्हटलं, "मातीचा हात लागलेला आला की सांग." त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. फिरवू दे. दर श्रावणात मी अशी शेंगा फोडत हिंडते, मंडईतल्या निम्म्या लोकांना आता ते माहीत झालं आहे.

बिनमातीच्या घेवड्याचं कौतुक मला कोणी सांगू नये. त्याचा एक अख्खा श्रावण मी सायखेड्याला काढला आहे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमच्या भागात ग्रीनहाउसचं वारं शिरलं होतं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी गुलाब, जरबेरा, ठिबक, सबसिडी हेच. अशात मोठे भाऊजी पुण्याला कुठल्याशा कंपनीच्या शिबिराला जाऊन आले. मोठे भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. घरात, गावात सगळे त्यांना बापू म्हणतात. मी त्यांना अहो-जाहो करते आणि शेवटपर्यंत करीन. मान वेगळा, किंमत वेगळी.

शिबिराहून आले ते हातात फाइल आणि गळ्यात नावाची चिठ्ठी घेऊनच. चिठ्ठी दोन दिवस काढली नाही. ओट्यावर बसून म्हणाले, "आता माती नाय लागत. इस्राएलमधी कोणी मातीत पेरतच नाय. पाणी आन् खत, बास. मुळाला जे पाहिजे ते डायरेक्ट."

कुठे बसून बोलत होते हे? सायखेड्याला! जिथे गोदावरी दर पुराला घरपोच गाळ आणून टाकते, जिथल्या रानात पाय रुतला की चप्पल मागे राहते, तिथे. वाळवंटात राहणाऱ्यानं बिनमातीची शेती केली तर मी हात जोडीन. दूध दारात येत असताना पावडर कालवून पिणाऱ्याला काय म्हणायचं? पण भाऊजींचं असंच. त्याआधी अळिंबीची, मशरूमची लागवड होऊन गेली होती, तिच्या कुजक्या पेंढ्याचा वास पडवीतून वर्षभर गेला नाही. त्याआधी ससे. ससे एका रात्रीत शेजारच्या द्राक्षबागेत पसार झाले आणि भाऊजी म्हणाले, ससा हा प्राणीच बेइमान आहे.

आत्याबाईंना मात्र बापूचं प्रत्येक बोलणं पटायचं. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. तशी बाई कडक. भाजीवाल्याच्या तराजूतलं त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही, शेतात बाया लावल्या तर कोण मनापासून खुरपतंय आणि कोण गवताचे शेंडे तोडतंय हे बांधावरून सांगायच्या. पण बापू समोर आला की त्यांचं सगळं शहाणपण पातळ व्हायचं. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या ताटात त्या भाकरी मोडून द्यायच्या. हात धुवायला तांब्या पुढे, पुसायला पदर पुढे. जाऊबाई पोरांच्या शाळेच्या निमित्तानं नाशिकला खोली करून राहत होत्या, आणि त्या का राहतात हे मला लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं. आमचे हे इगतपुरीला रेल्वेत, सुट्टीला येणार आणि झोपून जाणार. घरात मी, आत्याबाई आणि बापू. बापू म्हणजे तेव्हाचं ग्रीनहाउसच.

आता घेवड्याचं सांगते. आमच्या घराच्या परसात, मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे, आत्याबाईंचा एक मांडव होता. त्यावर वेलीचा घेवडा. बाजारात मिळतो तसा नव्हे. शेंग थोडी वाकडी, पाठीवर जांभळी झाक, आणि पिकल्यावर आतला दाणा पांढरा, डोळ्यापाशी एक तांबडा ठिपका. कुंकू लावून बसवल्यासारखा दाणा दिसायचा. कोवळी शेंग मोडली की बोटांना हिरवा, किंचित गोड वास यायचा आणि तो हात धुतला तरी जात नसे. हे बी आत्याबाईंना त्यांच्या सासूनं दिलेलं, त्या सासूला तिच्या सासूनं. राखेत घालून एका मडक्यात ठेवायच्या, तोंडाला फडकं.

ते सगळं ऋषिपंचमीसाठी. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगरलेल्या रानातलं काही चालत नाही. परसातला अळू, भोपळा, अंबाडी, मक्याचं कणीस, पडवळ, जे हातानं टोकून आलं असेल तेच, सगळं एकत्र करून ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचं नको म्हणे. बाईच्या कष्टाचं चालतं, त्याचं कोणाला काही पाप लागत नाही. पण ते असो. आत्याबाईंच्या त्या भाजीत हा घेवडा असायचाच. आणि त्या वर्षी त्यांच्या व्रताचं उद्यापन होतं. घराची रीत अशी की व्रताचं उद्यापन करणारीनं या घेवड्याचं बी सुनेच्या ओटीत घालायचं. जाऊबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, मला त्या खोलीत कुठे वेल चढवायचाय. मग आत्याबाई मला म्हणाल्या, "तुझ्या ओटीत घालीन. तुला मातीचा नाद हाय." लग्नात मला दागिने मिळाले तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता. खोटं कशाला सांगू.

तर आषाढात भाऊजींनी परसातला मांडव मोडला. तिथे त्यांना खताच्या पाण्याची टाकी बांधायची होती, सिमेंटची. मागच्या वावरात प्लॅस्टिकचा मोठा तंबू उभा राहिला, आत नारळाच्या भुश्शाच्या पिशव्यांच्या रांगा, प्रत्येक पिशवीत ठिबकची एक नळी. आणि पेरायला काय? तर आत्याबाईंचं बी. "आई, लोकांना गावठी वास पाहिजे. आन् ऋषिपंचमीला नाशकात काय भाव खातंय हे, बघच तू. बैलाच्या कष्टाचं चालत नाय ना? आपल्याकडं बैलच काय, माती पण नाय! बोर्डच लावतो." त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जो प्रकाश पडला होता, तो मला अजून आठवतो आणि अजून माझ्या हाताला खाज सुटते.

मी आत्याबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "निम्मं ठेवा हो. निदान मूठभर ठेवा." त्या मडकं पालथं करत होत्या, राख सुपात आणि बी परातीत. म्हणाल्या, "पोतंभर परत देतो म्हणलाय." मडक्याच्या बुडाला बोट फिरवून अडकलेला शेवटचा दाणासुद्धा त्यांनी काढला. एवढी काटेकोर बाई!

खरं तेच सांगायचं तर वेल सुरुवातीला छान आले. कंपनीचा एक साहेब जीपमधून यायचा, त्यानं दिलेली खतं मोजून पाण्यात पडत होती तोवर सगळं ठीक होतं. त्या तंबूत शिरलं की वेगळंच जग. बाहेर श्रावणाची भुरभुर, आत उकाडा. प्लॅस्टिकवर पावसाचा आवाज पापड भाजताना येतो तसा चुरचुर यायचा. ओल्या नारळाचा वास, आणि कुठे म्हणून मातीचा वास नाही. पावसाळ्यात मातीचा वास नसलेली जागा कशी लागते हे दवाखान्यात राहिलेल्यालाच कळेल. मी तिथे सुतळ्या बांधून वेल वर चढवत असे. भाऊजी खुर्ची टाकून बसत आणि फाइल वाचत.

मग नागपंचमीच्या सुमाराला त्या साहेबानं जाता जाता एक वाक्य टाकलं, की घेवडा डाळवर्गातला, याच्या मुळांवर गाठी येतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. एवढंच बोलून तो जीपमध्ये बसला. भाऊजींच्या डोक्यात मात्र त्या वाक्यानं घर केलं.

गाठी मी भाऊजींच्या आधी पाहिल्या होत्या. माझं माहेर सटाण्याकडचं. वडील भुईमूग लावायचे. श्रावणात एखादं रोप उपटून ते पाटाच्या पाण्यात मुळं खळाळून धुवायचे आणि आम्हा पोरांना जवळ बोलवायचे. मुळांना मोहरीएवढ्या गाठी लगडलेल्या असत. एक गाठ ते नखावर फोडत. आत लालसर, हिरडीसारखी. "लाल शे ना? मंग जित्ती शे," म्हणायचे, म्हणजे गाठ जिवंत आहे, आणि रोप बांधावर ठेवून द्यायचे. पुढे बारावीच्या पुस्तकात तेच आलं. मुळाला नत्राची भूक लागली की ते जमिनीतल्या जिवाणूंना हाक घालतं. ते येतात, मूळ त्यांना आत घेतं, राहायला गाठ बांधून देतं. झाड त्यांना साखर पुरवतं, ते झाडाला नत्र. पण पाण्यात तयार खत मिळत असेल तर मूळ कशाला हाक घालील? त्याची भूक भागलेली असते. ते दारच उघडत नाही.

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी खताच्या दुकानातून जिवाणूंची पाकिटं आणली. काळी भुकटी. ही भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून पेरणीआधी बियाला चोळायची असते, हे आमच्याकडे लहान पोराला माहीत आहे. पेरणी तर होऊन गेली होती. भाऊजी म्हणाले, "बियाला लावायचं राह्यलं तर टाकीत टाकू. जातंय कुठं? शेवटी मुळालाच जाणार." आणि नागपंचमीच्या पुरणाच्या दिंडांसाठी आणलेली गुळाची अख्खी ढेप माझ्या डब्यातून उचलून त्यांनी टाकीत सोडली, वर सगळी पाकिटं, आणि बांबूनं ढवळलं. खताच्या पाण्यात! थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी आत्याबाईंकडे बघून म्हटलं, "आत्याबाई, त्यांना सांगा, खत चालू असताना गाठी धरत नाहीत. आणि गुळानं नळ्या तुंबतील." भाऊजी आत्याबाईंकडे बघूनच म्हणाले, "आई, तिला सांग, बारावी झाली म्हंजी विद्यापीठ नाय झालं." मधल्या मध्ये आत्याबाई दोघांकडे बघत उभ्या. शेवटी मला म्हणाल्या, "जा, चहा टाक."

गुळाचं पाणी श्रावणाच्या उबेत काय करतं हे सांगायला नको. दोन दिवसांत टाकीवर फेस आला. मग वास. आंबूस, डोक्यात जाणारा. गांधीलमाश्या घोंघावत आल्या, मुंग्यांच्या रांगा लागल्या. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "काय बापू, भट्टी लावली का?" एक जण तर खरंच ग्लास घेऊन आला होता. भुकटीचा गाळ आणि गुळाचा चिकटा मिळून नळ्यांची तोंडं बंद होऊ लागली. भाऊजी टाचणीनं एकेक तोंड मोकळं करत रांगेनं फिरत, फुंकत, थुंकत. मला हसू येत होतं आणि मी एकेक पिशवी मोजतही होते, कारण त्या प्रत्येक पिशवीत माझं बी होतं.

नळ्या सुटल्यावर भाऊजींनी दुसरा हिशेब केला. आता जिवाणू आहेत म्हटल्यावर खत कशाला? खत बंद. नुसतं पाणी. जिवाणूंना बसायला, वाढायला, मुळाशी ओळख व्हायला वेळ लागतो. पाव्हण्याला दारात पाऊल ठेवताच कोणी जात्यावर दळायला बसवत नाही. पण भाऊजींना सगळं लगेच लागतं. वेल पिवळे पडले, खालच्या पानापासून वरच्या पानापर्यंत, हळद लागल्यासारखे. मग भाऊजी घाबरले. घाबरले की माणूस जे लहानपणी पाहिलंय ते करतो. त्यांनी युरियाचं पोतं फोडलं आणि ओंजळींनी टाकीत टाकलं. ना माप, ना विचार. साहेबाची फाइल खुर्चीवर तशीच.

काही वेल करपले. उरलेले असे काही माजले की विचारू नका. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी, एकमेकांवर चढलेली, आत उजेड शिरेना. फूल मात्र एक नाही. भाऊजी येईल त्याला तंबूत नेऊन दाखवायचे, "काय काळोखी हाय बघ पिकाला!" बघणारेही मान डोलवायचे. पानं बघून माना डोलवणाऱ्यांचं मला अजून नवल वाटतं. एक दिवस मी एक करपलेला वेल उपटून त्याची मुळं धुतली. स्वच्छ. एक गाठ नाही. टोकं तपकिरी, बोटात धरली की साल निसटून हातात येत होती. सगळं आयतं पायाशी येत होतं, कोणाला हाक घालायची वेळ आली नव्हती, आणि जेव्हा आली तेव्हा हाक घालायची ताकद उरली नव्हती. असली मुळं मी रोज ताटावर बसलेली बघत होतेच.

दारापाशी, अगदी कडेला, एक पिशवी होती. तिची नळी भुकटीचं थोडं पाणी सोडून पहिल्याच दिवशी गुळानं तुंबली आणि भाऊजींच्या टाचणीतून ती राहून गेली. मी येता-जाता तिला विहिरीच्या पाण्याचा तांब्या घालायचे. तेव्हापासून ना तिला खत मिळालं, ना युरिया. वेल काटकुळा, फिका. पण राखी पौर्णिमेपर्यंत त्याला फुलं आली, आणि आठवड्याभरात शेंगा. वाकड्या, जांभळ्या पाठीच्या. मी भुश्शात बोट घालून एक मूळ वर काढलं, तर त्यावर गाठी. थोड्याच, पण गाठी. एक नखावर फोडली. आत लाल. मी तशीच ओल्या हातानं पळत आत्याबाईंकडे गेले आणि नख त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यांनी नख बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उठून त्यांच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला.

बियाला ठेवायच्या शेंगेला आमच्याकडे चिंधी बांधतात. चिंधी दिसली की त्या शेंगेला कोणी हात लावत नाही, चोरसुद्धा नाही. ती वेलावरच वाळायची, वाजायला लागली की मगच काढायची. आत्याबाईंनी बुडाकडच्या चांगल्या शेंगा निवडून एकेकीला चिंधी बांधली, गाठ कशी सैल ठेवायची ते मला दाखवलं. म्हणाल्या, "ओटीत घालायपुरतं होईल गं." तेवढ्या दिवसांत मी सकाळी उठून आधी त्या वेलापाशी जायचे, मग मोरीत. बाकीचा तंबू तोवर खालून सडायला लागला होता.

ऋषिपंचमीला पाऊस नव्हता. आत्याबाईंनी आघाड्याची काडी घेऊन दात घासले, डोक्यावरून पाणी घेतलं, ओले केस तसेच पाठीवर सोडून पाटावर बसल्या. सप्तर्षींच्या सुपाऱ्या मांडल्या होत्या, अरुंधतीचीही होती. शेंगा अजून वाळल्या नव्हत्या, दाणा भरला होता पण ओला होता. ओटीत बी नंतर घालू, आज तांदूळ घालू, असं आमचं ठरलं होतं. भटजी पोथी उघडतात तोच दारात जीप थांबली. कंपनीचा साहेब, बरोबर बाहेरगावचे बागायतदार, आणि एकाच्या गळ्यात कॅमेरा. भाऊजींनीच बोलावलं होतं, दहा-बारा दिवसांपूर्वी, काळोखी पाहून. आणि विसरून गेले होते.

सगळे तंबूत शिरले. मी दारात उभी होते. साहेबानं पानं बाजूला केली, आत पाहिलं, दुसरा वेल पाहिला, तिसरा. "शेंगा कुठायत, बापूसाहेब?" कोणी तरी हसलं. भाऊजींच्या तोंडावरची माशी हलेना. त्यांनी मान वळवून घराकडे बघितलं. लहान पोर पडल्यावर बघतं तसं. घोड्याएवढा माणूस!

आत्याबाई पाटावरून उठल्या. भटजी "अहो, अहो" म्हणत राहिले. त्या माझ्या अंगावरून तंबूत गेल्या, कडेच्या वेलापाशी बसल्या आणि चिंध्या सोडू लागल्या. तंबूतल्या ओलीनं गाठी आवळल्या होत्या, त्या सुटेनात, तर दातांनी सोडल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, नको." मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांच्या देखत. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. वेलावर होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शेंगा तोडून पदरात घेतल्या आणि साहेबाच्या पुढे धरल्या. "हा बघा माल. माझ्या बापूचा."

"अरे वा! याला म्हणतात मातीविना पीक," साहेब म्हणाला. फोटो निघाला. मधोमध भाऊजी, हातात शेंगा, छाती पुढे. एवढ्यातच त्यांचं तोंड पुन्हा उजळलं होतं. शेंगा साहेबानं रुमालात बांधून नमुना म्हणून नेल्या. जीप गेली. चिंध्या भुश्शावर पडल्या होत्या, त्या मी वेचल्या.

आत्याबाई पुन्हा पाटावर बसल्या, पूजा झाली. माझी ओटी त्यांनी तांदळानं भरली, सुपारी, खोबरं, सगळं रीतसर. ओंजळ माझ्या पदरावर धरून त्या पुढे वाकल्या. हळू म्हणाल्या, "बी काय गं, मिळंल कुठंबी. त्याचं तोंड पडलेलं बघवलं नाय मला." मी रडले. लोकांना वाटलं पूजेनं मन भरून आलं. रागानं रडत होते मी. दुपारी पंगत बसली. भाऊजींनी ऋषीच्या भाजीचा घास घेतला, चावला आणि म्हणाले, "आई, यंदा भाजीत घेवडा नाय का?" आत्याबाईंनी त्यांना आणखी एक पळी वाढली.

माझा राग भाऊजींवर आहेच, पण त्याहून थोडा जास्त आत्याबाईंवर आहे. त्या आता नाहीत, तरी आहे. एका मुळाला उभं आयुष्य खताच्या पाण्यात कोणी बुडवून ठेवलं होतं? मी तर नाही. आणि तरी सगळ्यात जास्त जीव जळतो तोही त्यांच्यासाठीच. पुढे आम्ही नाशिकला आलो, तेव्हा शेवटच्या आजारपणात त्या माझ्याकडेच होत्या. भाऊजी येऊन फळं ठेवून जायचे. मी अंग पुसायला बसले की त्या विचारायच्या, "मिळालं का गं ते बी? बाजारात बघत जा. डोळ्यापाशी तांबडा ठिपका असतो." जसं काही मला माहीतच नव्हतं. मी म्हणायचे, बघते. म्हणून तर मी बघते. शेंगा फोडत फिरते.

तो तंबू पुढच्या वादळात फाटला. त्याचे पाईप अजून उभे आहेत, त्यावर कारल्याचा वेल चढलेला असतो, आपला आपण उगवलेला. टाकीतलं पाणी म्हशी पितात. चिंध्या माझ्या कपाटात आहेत. लोक प्रेमानं वस्तू जपतात, मी रागानं जपते.

आणि मागच्या आठवड्यात भाऊजी आले. आता ते सेंद्रिय शेतीचे मार्गदर्शक आहेत. खांद्यावर खादीची पिशवी, गळ्यात पंचा. जिवाणूंचं पाणी गुळात आंबवून कसं करायचं हे गावोगाव शिकवतात, आणि लोक लिहून घेतात! पंख्याखाली बसून मला म्हणाले, "माती ही आपली आई हाय. तिला विष पाजलं आपण." मग पिशवीतून एक पत्रक काढून म्हणाले, "देशी बियाण्यांचं प्रदर्शन भरवतोय. आईचा तो घेवडा होता ना, तांबड्या ठिपक्याचा? त्याचं बी तुझ्याकडंच असंल. आईनं तुझ्या ओटीत घातलं होतं ना?"

मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी ओरडेन. ओरडले नाही. आत गेले, कपाट उघडलं आणि चिंध्यांचा तो पुंजका आणून त्यांच्या हातावर ठेवला. हिरवा काठ आता फिका पडलाय, गाठींच्या जागी दातांनी कुरतडलेलं मात्र स्पष्ट दिसतं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. चष्मा वर केला, परत खाली केला. खरंच आठवेना त्यांना. शेवटी श्रावण आहे म्हणून असेल, हसून म्हणाले, "राखी हाय का कोणाची?"

मी चिंध्या परत घेतल्या. भाऊजी बराच वेळ बसून होते, स्वयंपाकघराकडे बघत. मी चहा टाकला नाही.